ओसरीवरचे मूल : मराठी घरांतील संगोपन आणि प्रौढ मन

माणसाच्या स्वभावाची मुळे त्याच्या बालपणात असतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण घरोघरी बोलली जाते. परंतु या म्हणीचा रोख मुलाच्या अंगच्या गुणावगुणांकडे आहे. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या हातांनी त्या मुलाचे पुढे काय केले, हा प्रश्न ती विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न विचारण्याचा आमचा विचार आहे. आम्ही वैद्य नव्हे अथवा मानसशास्त्राचे अभ्यासकही नव्हे. महसूल खात्यात आयुष्य घालविलेला माणूस जुनी कागदपत्रे चाळतो, त्याच रीतीने येथे मराठी चरित्रे व आत्मचरित्रे चाळली आहेत, आणि अखेरीस आपल्या आदिलाबाद भागातील जुन्या मराठी घराण्यांच्या अनुभवाशी ती ताडून पाहिली आहेत.

प्रारंभ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करणे योग्य ठरेल. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, आणि त्यातील विनोदावर मनमुराद हसलेही असतील. परंतु त्या हास्याखाली काय दडले आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यात झाला. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या घटनेचा धसका लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा घेतला की, त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुतल्यावाचून घरात येईना. साऱ्या घराने त्यांच्या शुद्धाशुद्धतेच्या धाकात वावरावे, आणि लहान मुलीने कशाला हात लावावा व कशाला लावू नये याच चिंतेत दिवस काढावा, अशी अवस्था झाली.

आजचा वैद्य या अवस्थेस एखादे शास्त्रीय नाव देईल. त्या काळी तिला कडक धर्मनिष्ठा म्हणत. फाशीची शिक्षा सरकारने एका व्यक्तीस दिली, परंतु तिची झळ पुढच्या पिढीतील अशा एका मुलीस लागली, जी त्या वेळी जन्मालाही आलेली नव्हती. मनावरचा आघात वारशाने कसा उतरतो याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी वाङ्मयात आम्हांस तरी दुसरे आढळले नाही. जमिनीचा वारसा सातबाऱ्यावर किंवा पहाणीपत्रकावर चढतो. या वारशाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही.

लक्ष्मीबाईंचा विवाह अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. आई जानकीबाई काव्याची आवड असलेली, प्रेमळ. वडील वामनराव कडक व संतापी. १८७३ मध्ये आई गेली आणि हा बारा वर्षांचा मुलगा घर सोडून शिक्षणासाठी नाशिकला निघून आला. पुढे हाच मुलगा मराठीतील थोर कवी झाला, १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि असंख्य अनाथ-निराधारांना त्याने आपल्या घरात जागा दिली. परंतु पत्नीने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, हा दयाळू पुरुष क्षणात भडकत असे आणि न सांगता-सवरता घरातून निघून जात असे. बाराव्या वर्षी घर सोडणे हा ज्याला दुःखावरचा एकमेव उपाय वाटला, तो प्रौढपणीही संकटसमयी तोच उपाय करीत राहिला, असे आम्ही म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरू नये.

येथे वाचक साहजिकच विचारतील की, अशा घरांत वाढलेल्या लक्ष्मीबाई स्वतः कशा सावरल्या? त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही, आणि परक्या मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे जवळ केले. अहमदनगरच्या त्यांच्या घरी राहिलेल्या तरुण बालकवी ठोंबऱ्यांनाही त्यांची माया लाभली. आमच्या मते याचे एक उत्तर त्यांच्या बालपणातच आहे. त्यांच्या लहानपणाचा काही काळ नात्यातील दुसऱ्या घरी, वडिलांच्या सोवळ्यापासून दूर, लाडाकोडात गेला होता. या मुद्द्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत, कारण आमच्या विवेचनाचे मर्म त्यातच आहे.

दुसरे उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे. त्यांचा जन्म १८२७ चा. ते जेमतेम वर्षाचे असताना मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. नात्यातील बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेने वाढविले. आईवेगळ्या मुलाने पुढे कठोर किंवा उदास व्हावे असा काही नियम असता, तर जोतीरावांच्या बाबतीत तो खोटा ठरला असता. १८६३ मध्ये त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांनी तेथे गुपचूप बाळंत व्हावे, आणि मूल नको असेल तर ते ठेवून जावे, अशी सोय होती. १८७४ मध्ये तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता त्याच्या आईने, म्हणजे सावित्रीबाईंनी, देह ठेवला. ज्याला परक्या हातांनी प्रेमाने वाढविले, त्याने परक्याचे मूल प्रेमाने वाढविले. आघाताप्रमाणे मायाही वारशाने उतरते, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नसावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही बालपणी मातृवियोग झाला, आणि त्यांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला, हेही येथे स्मरणीय आहे.

तिसरे उदाहरण अत्यंत नाजूक आहे, व म्हणून आम्ही ते जपून मांडतो. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. आपल्या भागात ती न वाचलेले मराठी घर विरळाच. त्यातील आई प्रेमळ आहे, तशी कठोरही आहे. पोहायला भिणाऱ्या श्यामला ती मारते, आणि नंतर स्वतःच व्याकूळ होते. शिस्त व माया यांची जी सांगड तेथे आहे, तिने मराठी पालकांच्या कित्येक पिढ्यांवर संस्कार केला. आणि तरीही असे मातृप्रेम लाभलेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. यावरून कोणी आईच्या संगोपनात उणीव शोधू लागेल तर तो अन्याय होईल. माणसाच्या निराशेची कारणे अनेक असतात : काळ, भोवतालची माणसे, शरीर, ध्येयभंग. चांगले बालपण ही मनाची मोठी पुंजी खरी, परंतु तो आयुष्यभराचा विमा नव्हे. प्रौढ माणसालाही धीर देणारे कोणी लागते, हेच या दुःखद घटनेतून शिकावयाचे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतही मुलांना जवळ घेण्याविरुद्ध उपदेश होत असे. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ मधील आपल्या पुस्तकात आयांना बजावले होते की, मुलांना फार कुरवाळू नये. आपल्याकडच्या जुन्या सुभाषिताचे म्हणणे असे की, पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळाव्या वर्षी मित्राप्रमाणे वागवावे. दुर्दैव असे की, अनेक घरांत यातील मधला भाग तेवढा नेमाने पाळला गेला. सोळावे वर्ष उलटले तरी मित्रत्व उगवलेच नाही.

या विचाराला मोठा धक्का दिला तो इंग्लंडचे डॉ. जॉन बोल्बी यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार हरपलेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याकडून अहवाल मागविला. १९५१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लहान मुलाला अन्नपाण्याइतकीच एका आपुलकीच्या, कायम सोबत राहणाऱ्या माणसाची गरज असते, आणि ती न भागल्यास त्याचे परिणाम मोठेपणापर्यंत पोहोचतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बोल्बी स्वतः सधन घरचे. त्यांना सांभाळणारी दाई ते चार वर्षांचे असताना सोडून गेली, आणि लहान वयातच त्यांची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत झाली. ही दोन्ही दुःखे ते आयुष्यभर विसरले नाहीत. १९५८ मध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी मऊ कापडाची आई यांत पिले बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. पोट भरणे म्हणजे संगोपन नव्हे, हे त्या मुक्या जीवांनी सिद्ध केले.

पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध होत गेले. बालपणी मारहाण, अपमान, उपेक्षा, घरातील व्यसन वा कलह यांतील जितके अधिक प्रकार सोसले, तितके मोठेपणी खिन्नता, व्यसन व आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण वाढलेले दिसले. परंतु संबंध म्हणजे विधिलिखित नव्हे. ब्रिटनचे मायकेल रटर यांनी १९७२ मध्येच बोल्बींच्या मताची फेरतपासणी करून दाखवून दिले की, केवळ आईच नव्हे, तर इतर माणसांशी जडलेले नातेही मुलाला सावरते. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह व आजार यांनी घेरलेल्या घरांतील सुमारे एक तृतीयांश मुले उत्तम, कर्ती माणसे झाली. अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा एक तरी विश्वासाचे मोठे माणूस होते : कधी आजी, कधी मावशी, तर कधी शिक्षक. सगुणाबाईंचे आणि लक्ष्मीबाईंच्या त्या दुसऱ्या घराचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

मराठी समाजात हा विचार परदेशी अहवालांची वाट पाहत बसला नव्हता, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३३ पासून ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून चालविली. मुलाला मारू नये, भीती घालू नये, लालूचही दाखवू नये, त्याला त्याच्या गतीने वाढू द्यावे, हे त्यांनी आई-बापांना सोप्या भाषेत सांगितले. १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणात व कुरणात बालवाड्या भरविल्या. पुण्यातून १९८७ पासून निघू लागलेले ‘पालकनीती’ मासिक हे त्याच परंपरेतले म्हणावे लागेल.

मात्र हा प्रकाश आपल्या भागात फार उशिरा पोहोचला. आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामी राज्यात होता. वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होई. कापसाच्या काळ्या जमिनीसाठी वऱ्हाड व मराठवाड्यातून येऊन येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांपुढे प्रश्न उभा राही की, मुलाला मराठी लिहिता-वाचता यावे तर त्याने शिकावे कोठे? उत्तर बहुधा एकच असे : पैनगंगेपलीकडे यवतमाळास किंवा नांदेडकडे नातेवाइकांच्या घरी. ज्यांच्या घरात हे घडले नाही असे आपल्यापैकी थोडेच असतील. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो, तेव्हा नाती व शाळा यांच्यामध्ये राज्याची सीमाही आली.

आमचे वडील नऊ वर्षांचे असताना असेच बैलगाडीतून नदीपार गेले. ज्यांच्या घरी राहिले ती माणसे वाईट नव्हती. परंतु आश्रित मुलाने शेवटी जेवावे, आजारपण सांगू नये, रडू तर मुळीच नये, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. या सात वर्षांविषयी ते आयुष्यात कधी बोलले नाहीत. आम्ही त्यांना कर्तव्यदक्ष, काटकसरी, व्यवहाराला चोख असे पाहिले. आमच्या पाठीवरून त्यांचा हात फिरल्याचे मात्र आठवत नाही. वार्धक्यात त्यांची स्मृती ढळली, तेव्हा दिवेलागणीच्या वेळी ते ओसरीवर येऊन बसत आणि विचारीत, ‘गाडी आली का?’ प्रथम आम्हांस वाटे की, कापसाची गाडी विचारीत असतील. त्या घरी राहिलेल्या त्यांच्या चुलत बहिणीने उलगडा केला. सुट्टी लागली की घरून न्यायला येणाऱ्या गाडीची वाट ते मुलगा असताना तेथील ओसरीवर बसून पाहत. नव्वदीच्या उंबरठ्यावरही ते मूल तेथेच बसून होते.

कबूल करावयास हवे की, आम्हीही आमच्या मुलाशी वडिलांप्रमाणेच वागलो. प्रगतिपुस्तकावर सही करताना आम्ही गुण वाचले, त्याचा चेहरा वाचला नाही. कोण्या अधिकाऱ्यावर किंवा परिस्थितीवर याचा दोष ढकलता येणार नाही. ज्या नाण्यात आम्हांला दिले गेले, त्याच नाण्यात आम्ही परतफेड केली, आणि ती परतफेड नको त्या माणसाला केली.

नोकरीतील एक प्रसंग येथे सांगणे क्रमप्राप्त आहे. २००४ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात शेतकरी आत्महत्यांच्या चौकशीसाठी व साहाय्यासाठी नवी शासकीय व्यवस्था लागू झाली. कापसाच्या आपल्या भागात तिची गरज वारंवार पडली. चौकशीसाठी लागणारी माहिती गोळा करण्यास आम्हीही गावोगाव गेलो. जमीन किती, पीक कोणते, कर्ज कोणाचे, पावती आहे काय, अशी माहिती आम्ही काळजीपूर्वक भरली. एका घरी ओसरीवर सहा-सात वर्षांचा मुलगा पाटी घेऊन बसला होता. गावातली माणसे त्याच्या अंगावरून ये-जा करीत होती. त्याच्याशी कोणीच बोलत नव्हते, आम्हीही बोललो नाही. आमच्या कागदात वारसदार म्हणून त्याचे नाव आले, परंतु ते आम्ही त्याच्या आईला विचारून लिहिले. त्याला त्याचे नाव विचारणे आम्हांस सुचले नाही. आज वाटते, जलालपूरच्या घरात १८५७ नंतर जे घडले, त्याचीच ही दुसरी ओसरी होती.

याच जिल्ह्यात दुसरे चित्रही आम्ही पाहिले. उटनूरकडील गोंड गूड्यांवर फिरतीत असता वडिलधाऱ्या माणसाने लहान मुलावर हात उगारल्याचे आमच्या पाहण्यात क्वचितच आले. मूल रडले की जवळ असेल तो ते उचलून घेई. ते कोणाचे मूल याची विचारपूस होत नसे. कुमरम भीम यांच्या १९४० मधील बलिदानानंतर हैमेनडॉर्फ दांपत्य येथे आले. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि मुलांसाठी गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकवावे, त्यासाठी त्याला घरापासून तोडू नये, हा विचार त्यामागे होता. आपल्या वडीलधाऱ्यांना जे मिळाले नाही, ते शेजारच्या डोंगरात दिले जात होते, आणि आपल्याला त्याची वार्ताही नव्हती.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मारहाणीस व मानसिक छळास बंदी घातली. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने उपचार हा हक्क मानला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळू शकतो. हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावा, असे आम्ही सुचवितो. परंतु जुनी चूक नव्या रूपाने येते. आपली नातवंडे आता बैलगाडीतून नव्हे, तर बसमधून हैदराबादच्या वसतिगृहांत जातात. एप्रिल २०१९ मध्ये इंटरमीडिएटच्या निकालानंतर तेलंगणात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला, हे आपण विसरलेलो नसावे. मुलाला दूर पाठवूच नये असे आमचे म्हणणे नाही. शिक्षणासाठी ते करावे लागते. पाठविल्यावर गुणांखेरीज आणखी काही विचारावे, आणि ‘परत यावेसे वाटले तर ये’ असे त्याला आधीच सांगून ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पूर्वीच्या एकत्र कुटुंबात बाप कडक असला तरी काकू, आजी, थोरला चुलता यांपैकी कोणी तरी मुलाला पदराखाली घेत असे. कौआईच्या अभ्यासात ज्या एका माणसाचा महिमा सांगितला, ते माणूस आपल्या वाड्यांतून असे आपोआप उपलब्ध होई. आज वाडे रिकामे आहेत. तेथे आपण वृद्ध माणसे आहोत, आणि आपल्याजवळ वेळ आहे. आई-बाप म्हणून जे आपल्या हातून झाले नाही, ते आजी-आजोबा म्हणून करण्याची मुभा नियतीने आपल्याला दिली आहे. त्यासाठी ग्रंथ वाचण्याची गरज नाही. मूल बोलत असेल तेव्हा मध्ये न बोलता ऐकून घ्यावे, आणि शेजारच्या घरात आपत्ती कोसळली असता आधी तेथील मुलाजवळ जाऊन बसावे.

गेल्या दिवाळीत आमचा मुलगा सहकुटुंब आला होता. नातू कोणत्याशा परीक्षेत मागे पडल्याचे सुनेने सांगितले. मुलाने त्याला रागे भरण्यास तोंड उघडले, आणि मग आमच्याकडे पाहून थांबला. आम्ही नातवाला ओसरीवर घेऊन बसलो. त्या संध्याकाळी परीक्षेचा विषय निघालाच नाही. बऱ्याच वेळाने मुलगाही येऊन आमच्या शेजारी बसला. आमचा हात त्याच्या पाठीवर गेला तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.